गप्प बसण्याचा अधिकार

रविवार, २ नोव्हेंबर
आज बारामतीहून सणसरला जाऊन पहिला वर्ग घेतला. विषय: पोलिसांनी धरलं तर घटनेनं दिलेले आपले हक्क. समोर कॉलेजची पोरंपोरी. अर्धा तास ठरला होता, दोन तास बोललो. शेवटी काही जण डुलत होते. विषयच जड.

प्रश्न एकच आला. प्राची नावाची मुलगी. "सर, चौकीत गप बसलं तर मारत्यात का?" तिला कलम वीसचा इतिहास सविस्तर सांगितला. मूळ उत्तर राहिलं. पुढच्या वेळी.

आसावरी विचारते, तुम्ही कधी फौजदारी केस चालवलीय का? नाही. भाडेकरार आणि वाटणीपत्रं यांतून सवड कुठली! पण थिअरी पक्की आहे. बायकोला थिअरीचं महत्त्व कळत नाही.

संकल्प: वर्षभरात इंदापूर तालुक्यात हक्क माहीत नसलेला तरुण उरणार नाही. निदान सणसरात.

रविवार, ९ नोव्हेंबर
प्रॅक्टिकल घेतलं. मी फौजदार, अविराज आरोपी. हा सणसरच्याच अप्पांचा मुलगा, बारामती एमआयडीसीत कामाला, फावल्या वेळात रील काढतो. मी दरडावलं. तो गप्प. टेबलावर हात आपटला. तरी गप्प. शेवटी मलाच राहवेना, त्याची उत्तरं मीच देऊन टाकली. वर्ग खूप हसला. खेळीमेळीचं शिक्षण!

सगळ्यांकडून घोकून घेतलं: अटकेचं कारण विचारा. घरी कळवायला सांगा. वकील मागा. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही. फळ्यावर माझा नंबर लिहिला. कधीही फोन करा म्हटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर
कुणाचाही फोन नाही. आसावरीला मिस्ड कॉल द्यायला लावला. फोन चालू आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दुपार
फोन आला! प्राचीचा. गावातल्या हिंदुरावांच्या विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली, आणि त्यांनी संशय घेतला म्हणून अविराजला चौकीत नेलंय. पोरगं गरीब, अप्पा घाबरलेत. मनातून आनंद झाला, हे इथं लिहायला हरकत नाही.

काळा कोट इस्त्रीला गेलाय. तो आल्यावर निघतो. कोटाशिवाय वजन पडत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
चौकीत पोचलो तेव्हा अविराज बाकावर ताठ बसलेला. प्राची म्हणाली, त्यानं कारण विचारलं, घरी कळवायला लावलं आणि वकील येईस्तोवर काही बोलणार न्हाय म्हणाला. कुणी बोटही लावलं नव्हतं. फौजदार मला म्हणाले, "पुरावा काय न्हाय वकीलसाहेब. घेऊन जावा पोराला."

इथं 'आभारी आहे' म्हणून निघायला हवं होतं, असं आसावरीचं मत. मग मी गेलो होतो कशाला?

बोललो. पोटतिडकीनं बोललो. साहेब, हा चोर असूच शकत नाही. त्या विहिरीवर तो रोज जातो, रील काढायला. त्या मोटारीचा नट न् नट त्याला ठाऊक आहे! मोबाइल काढून रील दाखवलं. मोटारीवर पाय ठेवून नाचतोय. खाली माझं लाइक.

फौजदारांनी खुर्ची पुढं ओढली. "बसा. परत दाखवा."

अविराजनं डोळे मिटून घेतले. बाहेर अप्पा हात जोडून उभे. "सोडत्यात न्हवं?" प्रक्रिया सुरू आहे, म्हटलं.

पोराला ठेवून घेतलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर
मोटार सापडली. हिंदुरावांच्याच थोरल्या मुलानं इंदापूरला दुरुस्तीला, रिवाइंडिंगला टाकली होती, घरी सांगायचं विसरला. अविराज सुटला. तांत्रिकदृष्ट्या माझी पहिली फौजदारी केस, आणि जिंकली. उद्याच्या वर्गात हे उदाहरण घेणार.

रविवार, १६ नोव्हेंबर
सणसरला पोचलो तर वर्ग सुरू झालेला. फळ्यापाशी प्राची. पोरं लिहून घेत होती. डुलत कुणी नव्हतं.

अविराज उठून बाहेर आला. चिडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "सर, आत बसलो तवा भ्या वाटलं न्हाय. तुमी शिकवलं तसं केलं, फौजदार बी नीट वागला. तुमी आला आन् मग भ्या वाटाय लागलं."

मी म्हटलं, बरं.

बारामती येईपर्यंत स्कूटरवर दुसरं काही सुचलं नाही.