पटावर सोळा, वर्गात चार

१२ जानेवारी
आज आलं — कडावहून तांदूळ दहा किलो, पाचशे वीस. फुलवाती, वीस. पेपरचे पाच जादा अंक, पंचवीस. एक पुरला असता! पण यांची बातमी पहिल्या पानावर आलीय, नावानिशी. सत्तावीस वर्षं तालुक्याचे वार्ताहर. नगरपरिषदेची भांडणं, पुढाऱ्यांचे दौरे, शहराचं पाणी, दहावीचे निकाल — सगळं आतल्या पानात, चार ओळी. आजची बातमी डोंगरातल्या वाडीच्या शाळेची. पटावर सोळा मुलं, वर्गात चार. बाकीची बारा नुसती कागदावर, असं लिहिलंय. अंक देवापुढे ठेवला.

१३ जानेवारी
फोन थांबत नाहीत. चहा नऊ वेळा.

२९ जानेवारी
त्या वाडीवरची म्हातारी कोंडी आली. एरवी मोळी विकायला येते. आज डोक्यावर मोळी नव्हती, हातात कागद होता. वाचून दाव म्हणाली. वाचला. शाळा एक मार्चपासून बंद, मुलांनी खालच्या गावातल्या शाळेत जावं. पाच किलोमीटर, मधे ओढा. कागदाला यांच्या बातमीचं कात्रण जोडलेलं.
"चार तर माझीच नातवंडं, वयनी. बाकीची आयबापाबरोबर वीटभट्टीवर हायती, होळीला येतील. तुमच्या सायबांनी पोरं मोजली, पर भट्ट्या कवा पेटतात ते नाय इचारलं?"
चहा टाकला. घेतला नाही तिने.
हे जेवायला बसले तेव्हा सांगितलं. भात कालवत म्हणाले, "भट्टीवर माणसं जातात ही बातमी दर दिवाळीनंतर मीच देतो गं." बातमीसाठी एका पुढाऱ्याच्या गाडीतून वाडीवर गेले होते. गाडी परत निघायच्या घाईत होती. वीस मिनिटं थांबले.

२ फेब्रुवारी
हे दोन दिवस खालापूरकडच्या भट्ट्यांवर फिरले. अकरा मुलं सापडली, नावं लिहून आणली. बारावी, शुक्राची मुलगी जना — ते कुटुंब रसायनीकडे गेलंय म्हणे. चप्पल विटांच्या धुळीने लाल. धुतली, जात नाही.

४ फेब्रुवारी
खुलासा छापा म्हणून यांनी मुंबईला फोन केला. संपादक हसले म्हणे — गाजलेली बातमी कुणी मागे घेतं का? आणि शिक्षण खात्याला परस्पर लेखी काही दिलंत, तर आधी पेपरचं ओळखपत्र इकडे पाठवून द्या.
तरी खात्याला पत्र लिहिलं. माझं अक्षर बरं म्हणून मी उतरवून दिलं. मुलं खरी आहेत, बातमी चुकली, चूक माझी. यांनी सही केली. उद्या टपालात टाकतो म्हणाले आणि पाकिटात घालून देवघरात ठेवलं.

५ फेब्रुवारी, संकष्टी
टाकलं नाही.

११ फेब्रुवारी
पाकीट तिथेच. रोज फूल वाहताना दिसतं. आज विचारलं. "ओळखपत्र गेलं तर मला कोण ओळखणार?" म्हणाले. गजाननाला हात जोडले, पण मागायचं काय तेच सुचेना.

१६ फेब्रुवारी
शिवरात्रीचा उपास सोडला आणि पत्र टपालात टाकून आले. यांना विचारलं नाही. पाकीट चिकटवण्याआधी यांच्या सहीखाली एक ओळ घातली — शाळा चालू राहणार की नाही, ते उलट टपाली कळवावे. खाली माझं नाव.