एका बाजूचा पर आखूड

महाल, नागपूर
गुरुवार

ती. शोभाताईस,

धाकट्या ईश्वरचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? (विडी सुटली असेल असं धरूनच विचारतो आहे.) इकडे माणसांचं सर्व कुशल आहे. माशांचं लिहायला बसलो आहे.

ऑफिसातले अनंतराव बदली होऊन कलकत्त्याला गेले ते त्यांची काचेची पेटी आणि तिच्यातली जोडी माझ्या गळ्यात घालून. बोटाएवढे मासे, सिक्लिड म्हणतात. नर निळा, रुबाबदार, मादी करडी. काही सुचेनासं झालं की मी पेटीपुढे जाऊन उभा राहतो, आणि हल्ली काही सुचतच नाही. तर परवा बघतो तो काय, नराच्या पोटाखालचा डावा पर लांब, झुलता, आणि उजवा निम्माच! मादी तर हळदीसारखी पिवळी, कुंडीच्या खापरात तोंड खुपसून बसलेली. म्हटलं, हिला कावीळ आणि ह्याला लकवा. मी भरल्या ताटावरून उठलो. अनुसया म्हणाली, "मासा तर पोहून राहिला, तुम्हीच काहून बुडून राहिले?"

मी नराला दुधाच्या किटलीत घातलं, सायकलरिक्षा केली आणि जनावरांच्या दवाखान्याकडे निघालो. वाटेत शेजारचे बबनराव ओरडले, "ईश्वर, दूध सांडून राहिलं गा!" पाणी आहे, म्हणून मी उलट ओरडलो, तर ते दूधवाल्यालाच शिव्या देत बसले. दवाखान्यात पुढच्या म्हशीनं सरळ किटलीत तोंड घातलं. मी तिची शिंगं धरली. (ताई, मी! जो गाय दिसली की गल्ली बदलतो.) तिचा मालक किंचाळला, "ओ भाऊ, मांगं व्हा, गाभण हाय ते!" मी एकदम हात सोडले. डॉक्टरांनी किटलीत डोकावून पाहिलं. "बाप्पा, याले सुई कुठं टोचू? कोणीतरी चावलं याले. घरी न्या."

घरी आलो तर अनुसया पेटीपुढे पाटावर बसून हसत होती. मादी खापराबाहेर आलेली आणि तिच्याभोवती पिल्लांचा धुरळा, जिऱ्याच्या तुकड्यांएवढी. नराला पाण्यात सोडलं तशी ती त्याच्यावर धावून गेली. कावीळ कसली, तिचं बाळंतपण होतं! पर तिनंच कुरतडला होता. "लेकरांजवळ लुडबुड करून राहिला असन," अनुसया म्हणाली, आणि बघितलं मात्र माझ्याकडे. नर आता बरणीत एकटा फेऱ्या मारतो. मी अंगणात.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा
ईश्वर

ता. क. अनुसयाचे दिवस भरत आले आहेत. पाय सुजतात. डॉक्टरीणबाई पडून राहा म्हणतात, ती ऐकत नाही. गेल्या खेपेला काय झालं ते तुला ठाऊकच आहे. त्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही. माशाचं सोड. मिळेल त्या एस.टी.नं उमरेडहून निघून ये. मी लिहिलं म्हणून तिला सांगू नकोस.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला तिच्याकडे खळ मागितली, तर तिनं सगळं वाचलं. पत्र घडी घालून मला परत दिलं. मग म्हणाली, "ताईले लिहा, येताना जुनी लुगडी घेऊन या. धुऊन धुऊन मऊ झालेली."