शाळेतली सरस्वती

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६, ब्रिस्टल

आज म्युझियममध्ये आमच्या शाळेतली सरस्वती भेटली. खिडकीशी बसलेली गोरी मुलगी, हातात पुस्तक. गुरुजींनी जुन्या इंग्रजी पुस्तकातलं हेच चित्र सरस्वती म्हणून वर्गात लावलं होतं. दसऱ्याला पाटीपूजन झालं की आम्ही तिला झेंडू वाहायचो. मॅट्रिकच्या वेळी तर मी रोज पाया पडलो.

माझ्या लेकीने, ऋचाने, पेंटिंगखालचं लेबल वाचलं आणि हसू दाबलं. "बाबा, ही कादंबरीतली आहे. पुस्तकाआड लव्ह लेटर वाचतेय. उद्या घरून पळून जाणारे. हातात वीणा नाही, तुम्हाला डाउट नाही आला?"

"गुरुजी म्हणाले म्हणजे सरस्वतीच."

मन खट्टू झालं. एवढे नमस्कार कुणाला केले मी? बसमध्ये आठवलं, चित्राची खालची पट्टी कापलेली होती, कात्री जरा वाकडीच गेलेली. नाव तिथेच असणार. गुरुजींना इंग्रजी येत होतं. म्हणजे ठाऊक होतं तर. पोरींना शाळा कशाला, असं कुणी म्हणालं की ते चित्र दाखवायचे, "देवी वाचते, तुमच्या पोरीने का वाचू नये?" ताई त्यामुळेच सातवीपर्यंत शिकली.

हे खोटं म्हणायचं का? त्यांच्यासाठी देवाची माफी मागावी, असंही मनात आलं. घरी येताच गावी ताईला फोन लावला.

ती हसली. "अरे, आम्हा पोरींना ती चिठ्ठी पहिल्याच दिवशी दिसली होती. सांगितलं असतं तर शाळा सुटली असती ना."

मग दिवा लावला. माफी मागितली नाही.