आधी उशी उचलून दाखवा

मुरुम, ता. ५ जानेवारी १९६२

ती. सत्यभामाताईस अयोध्येचा शि. सा. न. वि. वि.

तुझं लग्न ठरल्याचं दादांच्या पत्रातून कळलं. माझी हाडं बांगडीसारखी फुटतात म्हणून मला या मुलांच्या दवाखान्यात ठेवलंय, तर नवरदेव कसा हाय ते तरी लगेच कळवायचं! सध्या डावा पाय प्लास्टरात हाय. शेजारच्या खाटेवरचा रसूल जन्माचाच भोळा, पण मिठ्या मारण्यात पटाईत. माझी हाडं वाचावीत म्हणून जमिलाबी आयानं त्याला लांबून सलाम करायला शिकवलंय. दिवसभर सलाम चालू असतात.

एक विचारायचंय. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे दुखणं गरोदरपणी सूर्याला लागलेलं गिराण बघितल्यानं होत न्हाय, रक्तातनंच येतं. डोळ्यांचं पांढरं निळसर असणं ही त्याची खूण. आईचे डोळे तसे होते. तुझेबी हायत. तुझा हातबी दोनदा मोडलाय. नवरदेवाला ठाऊक हाय का?

लोभ पातळ होऊ देऊ नये.
तुझी अयोध्या

ईट, ता. १८ जानेवारी

चि. अयोध्येस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दादांना वाचून दाखवलं. दादा म्हणाले, गप बस, लग्न मोडंल. पण परवा परंड्याहून नवरदेव महारुद्र अन् त्यांच्या आई आल्या, तेव्हा चहा देता देता म्या सगळं सांगून टाकलं. माझ्या लेकरांचीबी हाडं अशीच निघतील, हेबी सांगितलं. त्यांच्या आई कपाला हात न लावता उठल्या. महारुद्रांनी तुझा दवाखाना कुठल्या गावी, एवढंच विचारलं. आता दादा माझ्याशी बोलंनात. नवरदेव कसा म्हणशील, तर उंच हाय. जास्त बघायला सवडच मिळाली न्हाय!

पायाला जप. तुझ्यावर जीव हायच.
तुझी ताई

मुरुम, ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

काल तुझे महारुद्र इथं आले! रसूलनं अशी मिठी मारली की त्यांची टोपीच पडली. डॉक्टरीणबाईंना त्यांनी सरळ विचारलं, लेकरांना होईल का? त्या म्हणाल्या, होईलबी, न्हायबी. मग पडलेली टोपी डोक्यावर घालून ते माझ्या खाटेशी आले. मला वाटलं, मोडलं लग्न.

तर त्यांनी विचारलं काय, असलं लेकरू उचलायचं कसं? म्या सांगितलं, बगलेत धरून ओढायचं न्हाय. एक हात पाठीखाली, एक बुडाखाली. आधी उशी उचलून दाखवा म्हटलं. दोनदा पाडली! जमिलाबी हसून बेजार. तिसऱ्यांदा म्या पास केलं, तेव्हा त्यांनी मला उचलून ओसरीवर नेलं. घामाघूम झाले, पण माझं एक हाड वाजलं न्हाय. आईची समजूत मी काढतो, तुझ्या ताईला धीर धरायला सांग, म्हणाले.

प्लास्टर निघालं की मला ईटला न्यायला तेच येणार हायत. ओसरीवरनं रस्ता दिसतो, ताई. लई दिवसांनी बघितला.

लोभ आता दोघांनी मिळून करावा.
तुझी करवली,
अयोध्या