पेशी वाकायच्या आत

६ एप्रिल, रविवार

रूपाचा पुण्याहून फोन. संशोधन म्हणजे नेमकं काय करते, ते आज लेकीला नीट विचारलं. म्हणे, सिकलसेलच्या रोग्याच्या रक्तातली एक पेशी गणितात मांडते. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते. त्याआधी बारीक नसेतून सुटली तर ठीक, नाहीतर अडकते — अन् दुखणं! वाकायला किती वेळ लागतो, ते संगणकावर काढायचं.

उत्कर्षला हेच दुखणं, जन्मापासून. माझ्याच पोराच्या अंगात काय चाललंय ते मला कळत नाही, अन् मशीनला कळतं! मी म्हटलं, "मंग रोज सांगत जाय ना बाई, त्याले बाहेर जाऊ देऊ का नाही."

ती "बरं," म्हणाली.

८ एप्रिल

आज रूपाचं "नको" आलं. घरीच ठेवला. दिवसभर फुगून बसला.

१० एप्रिल

"जाऊ दे" आलं. गेला, हसत परत आला. काही झालं नाही! बुद्धवंदनेला दोन मेणबत्त्या लावल्या, एरवी अर्धीच पुरवते.

हे चिडवतात — "पंचांग सोडलं आपन, अन् तू कंप्युटरले मुहूर्त पुसून राह्यली!"

लाज वाटली. पण माझ्या हातात दुसरं आहे काय?

१३ एप्रिल

उद्या जयंतीची मिरवणूक. ऊन असं की मालेगावच्या रस्त्यावर चप्पल डांबराला चिकटते. उत्कर्षला लेझीम खेळायची आहे. "एवढा घोडा झालो मी. खिडकीतूनच पाहू काय, आई?"

"ताई काय म्हन्ते ते पाहू."

संध्याकाळी निरोप — "जाऊ दे."

१४ एप्रिल

निळा फेटा बांधून गेला. दुपारी त्याच्या दोस्तानं, रामसिंगनं, मोटरसायकलवर धरून आणला. मांड्या, पाठ, छाती — नुसता ओरडत होता. जवळच्या वाशीमला दवाखान्यात भरती केला.

१५ एप्रिल

सलाईन. पाय चोळायला गेले तर म्हणाला, "हात नको लावू, आई."

मग हाताचं करू काय मी?

१६ एप्रिल

तसंच. त्रिसरण म्हणायला बसते, मध्येच शब्द जातात.

१७ एप्रिल

रूपा आली. दवाखान्याच्या जिन्यातच मला धरून रडली. "आई, त्या पेशीचं गणित अजून जुळलंच नाही. जुळलं तरी तेवढ्यावरून मानसाचं सांगता येत नाही. मी मनानंच सांगत होती, तुह्या जिवाले धीर म्हनून. तेरा तारखेले उत्कर्ष फोनवर रडला, तं हो म्हटलं."

ऐकून घेतलं. मग म्हटलं, "तरी सांगत जाजो."