दुपारीच उतरवलेली गुढी

पेंडल हिल, सिडनी
मंगळवार, २४ मार्च २०२६

हृषी,

ताईचे आशीर्वाद. आम्ही मजेत, तुम्हीही असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

तू माझे फोन उचलत नाहीस. पाडव्याला एकदाचा उचललास, तर कॅमेरा छताकडे. मी सातवीच शिकले असले तरी पंखा कुठला आणि भाऊ कुठला एवढं मला कळतं. त्याआधी क्षणभर तुझ्या दारातला दांडा दिसला मला. रिकामा.

अमेरिकेची शपथ घेतलीस त्या दिवशी त्याच दांड्याला झेंडा लावून फोटो पाठवला होतास, छाती फुगवून. अजून माझ्या फ्रिजवर आहे तो. दर पाडव्याला त्याच्याशेजारी गुढी उभारायचास आणि म्हणायचास, ताई, दोन्ही माझेच. यंदा दोन्ही नाहीत. विचारलं तर म्हणे झेंडा धुवायला काढलाय. नऊ वर्षांत कधी धुतला नाहीस तो.

खरं काय ते कळलंय मला. डावीकडचा शेजारी झेंडा बघून म्हणाला, शाब्बास, तू आमच्या बाजूचा. उजवीकडची बाई तेवढ्यावरून बोलायची बंद झाली. मग कुणीतरी टपालाच्या पेटीत चिठ्ठी टाकली, हा झेंडा लावणारा तू कोण? त्याच संध्याकाळी काढलास. स्वतःच्या देशाचा झेंडा लावला तरी माणूस एका बाजूचा, काढला तरी दुसऱ्या बाजूचा. असल्या गल्लीत राहतोस आणि मला सांगतोस, सगळं फाइन. दूध आणायला जाताना खिशात पासपोर्ट ठेवतोस, तेही फाइनच का?

कुणी सांगितलं म्हणून विनीतावर ओरडू नकोस, बायको आहे ती तुझी. सांगते, जरा थांब.

इकडे यांची पाठ पुन्हा धरलीये. मी स्टेशनजवळच्या दुकानात पोळ्याच करतेय. घरी मात्र दहा दिवस आमटीत तिखट निम्मं घालते. यांनी एकदाही कुरकुर केली नाही, कारण कुणासाठी ते त्यांना माहीत आहे.

तुझी लेक अनन्या सिएटलला मैत्रिणीकडे नाही, हृषी. माझ्याकडे आहे. आत्ता टेबलाशी समोर बसून टोस्ट खातेय. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून तर तिच्या नाकासमोर लिहितेय. मघाशी म्हणाली, "आत्या, शॉपिंग लिस्ट?" म्हटलं, हो, लांबलचक आहे. विनीताला माहीत होतं, तिला मीच गप्प बसवलं. बोलायचं ते मला बोल.

तुमच्या घरी जेवताना काय झालं तेही पोरीनं सांगितलं. ती म्हणाली, मला या देशाचा अभिमान वाटत नाही, झेंडा काढलास ते बरं झालं, पण घाबरून काढलास ते बरं नाही. आणि तू म्हणालास, आवडत नसेल तर देश सोडून जा. अरे, ती तिथेच जन्मली. जाणार कुठे? इथे आली. इथल्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, तिला जागा मिळालीये. शनिवारी हो कळवणार आहे.

ताईला आनंद झाला असेल म्हणशील. झाला होता, पाडव्यापर्यंत. मी बाल्कनीत गुढी उभारली तर पोरगी विचारते, "आत्या, इज इट सेफ?" मी म्हटलं, "नो वरीज, हे काय तुझं ओहायो आहे?" मग दोघी श्रीखंड आणायला निघालो. मी नऊवारीत. स्टेशनच्या जिन्यात एक माणूस आमच्या तोंडाशी येऊन ओरडला, इथलं आवडत नसेल तर चालते व्हा, इंग्रजीत. मी भिंतीला चिकटले. ही हसली. म्हणाली, "पपाची लाइन. सेम टू सेम."

त्या माणसापेक्षा तिच्या हसण्याची मला जास्त भीती वाटली.

घरी येऊन गुढी उतरवली. ऊन डोक्यावर होतं. आई सूर्य मावळेपर्यंत हात लावू द्यायची नाही, आठवतं ना? हे म्हणाले, अगं, संध्याकाळ तरी होऊ दे. मी म्हटलं, उन्हानं खणाचा रंग उडतोय. तुझा झेंडा धुवायला गेला, माझ्या खणाचा रंग उडाला. एकाच आईची आपण. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेवर मी इथला छोटा झेंडा चिकटवला. अभिमान-बिभिमान काही नाही. भीती. यांनाही सांगितलेलं नाही, तुला सांगतेय.

पोरीला मी ठेवून घेईन, त्याची काळजी नको. पण इथे तुला काही होणार नाही, असं तिला म्हणायला जाते आणि जीभ अडते. आणि एक. तिची बॅग मी लावायला घेतली तर त्यात जन्माचा दाखला निघाला. चार दिवस राहायला आलेलं माणूस जन्माचा दाखला घेऊन येत नाही रे.

झेंडा लाव, नाही तर नको लावूस, तुझं तू बघ. ते वाक्य मागे घे. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. नंतर तिला राहायचं असेल तर राहू दे, पण हाकललेली म्हणून नको.

या पानांचे फोटो आत्ताच पाठवतेय, म्हणजे मिळालं नाही म्हणायला नको. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत तिला फोन कर. तुझ्याकडे तेव्हा गुरुवारच्या रात्रीचे नऊ, जेवणं उरकलेली असतात. कॅमेरा तोंडाकडे धर.

बारा म्हणजे बारा, हृषी. मी तिच्या शेजारीच बसलेली असेन.

उत्तर मागणारी,
तुझी रेखाताई