रडणे थांबलेल्या मुलीबाबत

प्रति,
मा. संशोधन अधिकारी,
शिक्षणशास्त्र संशोधन केंद्र,
पहिला मजला, अंगणाकडील खोली.

विषय : संशोधन समस्येस मान्यता मिळणेबाबत, तसेच परिच्छेद ६ आजच वाचला जाणेबाबत.
संदर्भ : मान्यता समितीचे तिसरे त्रुटीपत्र.

महोदय,

१. माझ्या मुलीचे रडणे थांबले त्याच दिवशी केंद्राच्या पाळणाघरातील मावशींनी मला बजावले होते, "ताई, रडणारं पोर मला कळतं. एकदम गप्प झालेलं कळत नाही. जरा लक्ष ठेवा हं." "अहो मावशी, रुळली ती!" असे म्हणून मी हजेरीसाठी जिना चढले. ही चूक माझी असून ती प्रथम नमूद करते.

२. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. आवाजामुळे घरी तिला सगळे भोंगा म्हणतात. पाळणाघरात ती अकरा दिवस रडली, बाराव्या दिवशी थांबली. नोंदवहीत तेव्हापासून रोज 'ठीक' असा शेरा आहे. मात्र तेव्हापासूनच ती डाव्या पायातला बूट काढून दिवसभर मांडीवर धरून बसते. विचारले तर म्हणते, "आई आली की घालायचा." यावरून माझी संशोधन समस्या ठरली : पाळणाघरात रडणे थांबलेली मुले खरोखर रुळलेली असतात का?

३. संबंधित साहित्याच्या आढाव्यासाठी मी एकेचाळीस प्रबंध वाचले. प्रत्येकात निरीक्षण रडणे थांबले त्या दिवशी संपते आणि 'समायोजन पूर्ण' असा निष्कर्ष येतो. दुसऱ्या दिवशी त्या मुलांकडे कोणीही पाहिलेले नाही. हीच उणीव मी आराखड्यात दाखवली. पूर्वी अभ्यास झालेला नसल्याने समस्येस आधार नाही, असे समितीने कळवले. म्हणून समस्या रडणाऱ्या मुलांवर बेतून दिली, तर असे अभ्यास भरपूर झाले आहेत म्हणून ती परत आली. तिसऱ्या खेपेस मूळ समस्या ठेवून मावशींचे म्हणणे आधार म्हणून जोडले. त्यावर प्रकाशनवर्ष व पृष्ठक्रमांक मागण्यात आला. मावशी म्हणाल्या, "वर्षं अठ्ठावीस लिहा. पान कुठलं आणू बाई? नाकं पुसायचा रुमाल देऊ का?" हे उत्तर मी समितीस सादर केलेले नाही.

४. आता आढावा पूर्ण झाल्याखेरीज समस्येस मान्यता नाही. आढाव्यासाठी प्रबंधकक्षात सलग तीस दिवस, दहा ते पाच, बसणे बंधनकारक आहे. मधे उठल्यास दिवस बाद होतो व मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. संशोधक म्हणून माझ्या नोंदणीची मुदत उद्या संपते; तोवर तीस दिवस भरले नाहीत तर ती रद्द होते. नोंदणी गेली की पाळणाघरातील जागा जाते, आणि मुलीला ठेवायला दुसरी जागा नसल्याने मला येथे बसता येणार नाही. मुलगी खाली राहावी म्हणून मी वर बसते, आणि मला वर बसता यावे म्हणून ती खाली राहते. आज माझा एकोणतिसावा दिवस आहे.

५. मावशी सोमवारपासून रजेवर आहेत. नवीन बाईंकडे बावीस मुले आहेत, त्यांना दोष देत नाही. पण आज सकाळी दारात मुलीने माझा हात स्वतःहून सोडला, बूट काढला आणि मांडीवर न घेता माझ्या हातात दिला. म्हणाली, "तुझ्याकडे ठेव." मागे न बघता जाऊन भिंतीशी बसली. मी वर आले, सही केली. त्यानंतर दोनदा शिपाईदादांबरोबर चिठ्ठी पाठवून विचारले, काय करतेय? दोन्ही वेळा उत्तर आले, "ठीक आहे, रडत नाही." एकेचाळीस प्रबंधांत हेच लिहिले आहे. अकराच्या सुमारास उठून दारापर्यंत गेले. ग्रंथपाल सौजन्याने म्हणाले, "बाई, बाहेर गेल्याची वेळ लिहू का?" मी परत येऊन बसले. बेचाळिसावा प्रबंध उघडा आहे, एक ओळ वाचलेली नाही.

६. समस्येस मान्यता द्यावी, ही विनंती करण्यासाठी हा अर्ज लिहायला घेतला होता. ती विनंती सवडीने विचारात घ्यावी. प्रबंधकक्षाच्या खिडक्या रस्त्याकडे आहेत. पाळणाघराचा व्हरांडा फक्त आपल्या खोलीतून दिसतो. कृपया उठून खाली पाहावे. निळ्या स्वेटरची, दोन शेंड्यांची, एका पायात बूट असलेली मुलगी ती. रडत असेल तर हा अर्ज नेहमीप्रमाणे आवक विभागाकडे पाठवावा. रडत नसेल तर आपण स्वतः खाली जावे. तिला "कशी आहेस?" असे विचारू नये, ती "ठीक" म्हणेल. थोडा वेळ जवळ बसावे आणि जे दिसेल ते मला कळवावे.

आपली नम्र, जिन्याकडे कान लावून बसलेली,

(सही)
अर्जदार संशोधक, टेबल क्र. ७
आज, दुपारी १२.४०

सोबत :
१. तीन त्रुटीपत्रांच्या प्रती.
२. वाचलेल्या प्रबंधांची यादी.
३. पाळणाघरास पाठवलेल्या दोन चिठ्ठ्या, उत्तरांसह.
४. डाव्या पायाचा लहान बूट, एक. हा फाइलला लावू नये. खाली जाताना बरोबर न्यावा.